लाल सिलिंडर आहे, पण मंडळ कुठे आहे?

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात एक लाल सिलिंडर टांगलेला आहे. त्याचा उपयोग काय, असं कुणालाही विचारून बघा. ‘टॉवेल वाळत घालायला’ हे उत्तर पहिलं येईल. थोडा अभ्यासू मुलगा असेल तर ‘आग विझवायला’ असंही सांगेल. आता पुढचा प्रश्न विचारा, ‘आग लागली तर तो उचलणार कोण?’ इथे मात्र सगळा पॅसेज शांत होतो. व्हायवाला एक्स्टर्नलने पहिलाच प्रश्न सिलॅबसबाहेरचा विचारल्यावर होतो ना, अगदी तसा!

मला या लेखात त्या शांततेबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी जरा लांब, थेट जपानला जावं लागेल. घाबरू नका, तिकीट लागणार नाही. मेसच्या रांगेत उभं राहून वाचून होईल एवढाच लेख आहे.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे भांडायचं असेल त्यांना सोयीचं होईल. आग विझवणं हे नुसतं यंत्राचं काम नाही, ते मंडळाचं काम आहे. आणि मंडळ म्हटलं की गाणी, झेंडा, वर्गणी, मिरवणूक, रुसवेफुगवे सगळं आलं. आपण इंजिनिअरिंगवाले या गोष्टींना ‘टाइमपास’ म्हणतो. खरं काम म्हणजे पंप, प्रेशर, डिस्चार्ज. बाकी सगळं गॅदरिंगचं सामान! मला हे पटत नाही. का पटत नाही, ते एदोच्या आगवाल्यांची गोष्ट ऐकली की कळेल.

आपल्यापैकी बरेच जण रविवारी सकाळी झोप मोडून जपानी भाषेच्या क्लासला जातात. नोकरीला उपयोग होईल म्हणून मीही जातो. तिथेच ही माणसं मला पहिल्यांदा भेटली आणि मग मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत सुटलो. एदो म्हणजे टोक्योचं जुनं नाव. लाकडी घरं, कागदी सरकती दारं, चिंचोळ्या गल्ल्या आणि हिवाळ्यात सुटणारा कोरडा वारा. १६५७ च्या मार्च महिन्यात या शहराला अशी आग लागली की निम्म्याहून जास्त शहर जळालं. मेलेल्यांचा आकडा एक लाखापर्यंत सांगितला जातो. एदोच्या किल्ल्याचा मुख्य बुरूजही त्यात गेला, तो पुन्हा कधीच बांधला गेला नाही. मग राज्यकर्त्यांनी मोकळे पट्टे सोडले, रस्ते रुंद केले. नदीवर पूल नसल्यामुळे माणसं काठावर अडकून मेली होती, म्हणून पूल बांधला. दुसऱ्याच वर्षी सरकारी आगदलही उभं केलं. सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्या, टाउन प्लॅनिंगचा अख्खा धडा आहे हा!

पण सरकारी दलाचं लक्ष मुख्यतः किल्ला आणि सरदारांचे वाडे यांच्यावर. सामान्य माणसाच्या वस्तीचं काय? त्यासाठी १७२० साल उजाडावं लागलं. शोगुन तोकुगावा योशिमुने याच्या कारकिर्दीत नगराधिकारी ओओका तादासुके याने वस्त्यावस्त्यांची आगदलं नीट बांधली. त्यांना म्हणायचे ‘माची-बिकेशी’, म्हणजे नगरातले आग विझवणारे. खर्च वस्तीने करायचा, माणसं वस्तीने द्यायची. म्हणजे आपल्या भाषेत वर्गणी!

गटांना नावं दिली जपानी अक्षरांची. आपल्याकडे ‘क, ख, ग’ तसा त्यांच्याकडे ‘इ, रो, हा’ हा जुना क्रम. पण काही अक्षरं वगळली. ‘हि’ म्हणजे आग, ते आगवाल्यांना नको. ‘हे’ या शब्दाचा अर्थ पोटातली हवा आवाज करत बाहेर जाणे (संपादक महाशय, कृपया हे वाक्य राहू द्या). ‘रा’चा संबंध एका शिवीशी जोडला जायचा. त्या जागी ‘शंभर’, ‘हजार’, ‘दहा हजार’ अशी नावं घेतली. उद्या आपण विंगांना अक्षरं वाटायला घेतली तर ‘ढ’ गट कोण घेईल का सांगा! माणसं सगळीकडे सारखीच. नदीच्या पश्चिमेला असे ४७ गट होते, पुढे ४८ झाले. पूर्वेकडचे १६ गट वेगळे.

आता मुख्य गंमत. या गटांत माणसं कोण होती? ‘तोबी’, म्हणजे परांच्या बांधणारे, उंचावर चढून लाकडी इमारती उभ्या करणारे कामगार. त्यांनाच का निवडलं? कारण त्या काळात पाण्याने आग विझत नव्हती. अठराव्या शतकात लाकडी हातपंप आले, पण त्यांची धार जेमतेम छपरापर्यंत जायची. खरी पद्धत होती वाऱ्याच्या दिशेला पुढची घरं आकड्यांनी ओढून पाडायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही मिळत नाही. आणि घर पटकन पाडायचं तर कुठला खांब आधी ओढायचा हे घर बांधणाऱ्यालाच माहीत! स्ट्रक्चरल ॲनालिसिसचं इतकं धगधगतं प्रॅक्टिकल आपल्या एकाही लॅबमध्ये होत नाही.

प्रत्येक गटाचं एक निशाण असायचं, ‘मातोइ’. लांब दांड्यावर गटाचं चिन्ह आणि खाली लोंबणाऱ्या पट्ट्या. वजन वीस किलोच्या आसपास. पाण्याचा मोठा जार भरला की जेवढा होतो तेवढं! गटातला एक गडी ते घेऊन आगीच्या जवळच्या छपरावर चढायचा आणि गरागरा फिरवायचा. अर्थ एकच, ‘आमचा गट इथे उभा आहे, आग इथे थांबली पाहिजे.’ निशाण छपरावर असताना गटाने माघार घेणं ही नामुष्की. अंगात जाड, शिवून शिवून टणक केलेला सुती डगला, तो पाण्याने भिजवून घालायचा. त्याची बाहेरची बाजू साधी आणि आतल्या बाजूला ड्रॅगन, शूरवीर अशी झकास चित्रं. आग विझली की डगला उलटा करून, चित्रं मिरवत घरी यायचं. ऐट बघा!

या लोकांनी दोन आगींच्या मधल्या काळात जे उभं केलं तेच माझ्या लेखाचं कारण आहे. त्यांची गाणी होती, ‘कियारी’. मुळात ती जड लाकडं ओढतानाची कामकरी गाणी, एकाने सूर लावायचा आणि बाकीच्यांनी साथ द्यायची. पुढे ती घराचा सांगाडा उभा करताना, सणाला, लग्नाला आणि गटातल्या जुन्या माणसाला निरोप देतानाही म्हटली जाऊ लागली. त्यांच्या शिडीवरच्या कसरती होत्या. साधारण साडेसहा मीटरची बांबूची शिडी खालच्या माणसांनी आकड्यांनी धरून उभी ठेवायची आणि एकाने टोकावर जाऊन पोटावर, पायावर, उलटं लटकून तोल सांभाळायचा. आपल्या गोविंदा पथकांच्या थरांसारखंच, खालचे हलले तर वरचा गेला! वस्तीच्या देवळाची जत्रा, नववर्षाची दारापुढची सजावट, नवीन इमारतीचं काम यातही हीच माणसं पुढे.

तुम्ही म्हणाल, हे सगळं छान आहे, पण आग विझवायला याचा काय उपयोग? मी म्हणतो, नीट बघा. शिडीवर तोल सांभाळणारा माणूस जळत्या छपरावर घसरत नाही. एका सुरात ओरडणारी वीस माणसं दोर एकाच वेळी ओढतात. निशाण म्हणजे धुराच्या गोंधळात दिसणारा सिग्नल. आणि ज्याच्या लग्नात आपण गायलो त्याचं घर पेटलं तर आपण अंथरुणात पडून राहत नाही. आग काही रोज लागत नाही. रोज न लागणाऱ्या गोष्टीसाठी माणसांना वर्षानुवर्षं तयार ठेवायचं कसं, हा अवघड प्रश्न आहे. त्यावर त्यांचं उत्तर होतं गाणं, सण आणि ऐट. नुसत्या परिपत्रकावर माणसं तयार राहत नाहीत, हे त्यांना तीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. निशाण आधी कुणी रोवलं यावरून गटागटांत हाणामाऱ्या व्हायच्या. १८०५ साली ‘मे’ गटाची माणसं आणि सुमो पैलवान यांची देवळाच्या आवारात अशी जुंपली की पुढे त्यावर काबुकी नाटक आलं. मिरवणुकीत पुढे कोण, यावरून काय काय होतं ते आपल्याला नव्याने सांगायला नको. ऐट माणसाला धावायला लावते, तशी डोकंही फिरवते. म्हणून गटांवर शिस्तीचा लगाम लागतो. पण लगाम हवा म्हणून घोडाच नको, असं कसं म्हणायचं?

पुढे जपान बदलला. १८७२ मध्ये जुन्या गटांची नव्याने रचना झाली. पंप आले, मोटारी आल्या, पगारी दलं आली. १९३९ मध्ये जुन्या गटांचा वारसा जपायला ‘एदो शोबो किनेनकाई’ ही संस्था निघाली. ती आज आग विझवत नाही. मातोइ, कियारी आणि शिडीच्या कसरती जिवंत ठेवते. दर वर्षी ६ जानेवारीला टोक्योच्या अग्निशमन दलाची नववर्षाची मोठी कवायत होते, त्यात आधुनिक गाड्या आणि हेलिकॉप्टरांबरोबर ही मंडळीही डगले घालून हजर असतात. तर आग विझवायचं काम मोठ्या शहरांत पगारी दलांकडे गेलं, आणि त्यांच्या जोडीला वस्त्यावस्त्यांत ‘शोबोदान’ राहिली, म्हणजे स्वयंसेवकांची दलं. दुकानदार, शेतकरी, कारकून असे लोक आपापला धंदा सांभाळून नाममात्र मानधनावर हे काम करतात.

एका घटनेनंतर तर मला यात शंकाच उरली नाही. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे कोबेचा भूकंप झाला. केंद्राजवळ आवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं. शेकडो घरं बसली. पण तिथल्या शोबोदानच्या लोकांना आणि शेजाऱ्यांना कुठल्या घरात कोण राहतं आणि म्हातारी आजी कुठल्या खोलीत झोपते हे ठाऊक होतं. त्यामुळे ढिगारा नेमका कुठे उपसायचा हे शोधत बसावं लागलं नाही. सुमारे ३०० माणसं त्यांनी बाहेर काढली आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत गावातल्या प्रत्येक माणसाचा ठावठिकाणा लागला. हे काम कुठल्या सेन्सरने केलं? एकाही नाही. एकमेकांच्या घरी चहा प्यायल्याने ते झालं!

आता परत आपल्या हॉस्टेलवर या. गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या मजल्यावर एका खोलीतून धूर यायला लागला. गडी बादलीत रॉड लावून, कुलूप घालून जर्नल उतरवायला दुसऱ्या विंगमध्ये गेला होता. पाणी आटलं, बादली वितळली, शेजारची गादी धुमसायला लागली. पॅसेजमध्ये तीस-चाळीस जण जमले. त्यातले निम्मे मोबाइलवर शूटिंग करत होते. आत कुणी आहे का, हे एकालाही सांगता येईना! रूम पार्टनर गावी गेलाय हे कळायला पाच-सात मिनिटं गेली. शेवटी वॉचमन काकांनी खालचं मेन स्विच पाडलं, दगडाने कुलूप तोडलं आणि गादी ओढून बाहेर काढली. लाल सिलिंडर शेवटपर्यंत भिंतीवरच होता, टॉवेलासकट. आणि मागच्या जिन्याचं ग्रिल रात्री कुलपात असतं, त्याची किल्ली कुणाकडे, हे तर आजही विंगमधल्या कुणाला सांगता येत नाही.

कुणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. कागदावर आपण ठीकच असू. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते हवंच. पण सिलिंडर चालू आहे एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. तो उचलणारा कोण आणि कुठल्या खोलीत कोण झोपतं, हे त्यात कसं असणार? आणि छोट्या सिलिंडरमधली पावडर दहा-वीस सेकंदांत संपते, म्हणजे पिन कशी काढायची हे तिथे उभं राहून वाचत बसायला वेळ नसतो. हात आधीच सरावलेला लागतो.

म्हणून मला असं वाटतं की आपण हॉस्टेलचं एक मंडळ काढावं. नवीन कमिटी नको, कमिट्या खूप झाल्या! मंडळच हवं. प्रत्येक विंगचा एक गट, त्याला अक्षराचं नाव (‘ढ’ सोडून), एक निशाण आणि आठ-दहा मुलं. प्रत्येक गटाने आपल्या विंगमधली प्रत्येक खोली ओळखायची. कोण राहतो, कुणाला दमा आहे, कुणाचा पाय प्लास्टरमध्ये आहे, या शनिवारी कोण गावी गेलाय. मेसमधले काका, झाडूवाल्या मावशी आणि रात्रीचे वॉचमन काका हेही मंडळाचे सभासद, कारण किल्ल्या आणि मेन स्विच त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात. गर्ल्स हॉस्टेलचं वेगळं मंडळ, आणि दोघांत चुरस. वर्षातून चारदा रात्री न सांगता शिट्टी वाजवायची आणि कुठली विंग किती मिनिटांत मैदानात जमते, आपल्या माणसांची मोजदाद कोण बिनचूक देतं, ते बघायचं. जिंकणाऱ्या गटाचं निशाण गॅदरिंगला स्टेजवर. गणपतीत ढोल बडवायला महिनाभर सराव करणारी पोरं आपल्यात आहेत. त्यांना सराव म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही, कारण तेवढं द्यायचं आहे.

दिवसही आपल्याकडे आहे. १४ एप्रिल ही तारीख आपल्याला बाबासाहेबांच्या जयंतीमुळे माहीत आहे. त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापूस आणि त्याच्याबरोबर दारूगोळा होता. आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटांत गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. आपण त्या आठवड्यात काय करतो? सबमिशन! सकाळी बाबासाहेबांना अभिवादन झालं की त्याच आठवड्यात एका संध्याकाळी गावातल्या अग्निशमन केंद्रावर जाऊन तिथल्या जवानांना भेटायला काय हरकत आहे? त्यांच्याकडून सिलिंडर चालवायला शिकू, आणि हो, त्यांना आपल्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवू. सिनेमातल्या पाहुण्यापेक्षा खर्चही कमी!

रेक्टर सर विचारतील, पोरं याचाही तमाशा करतील त्याचं काय? करतील थोडा, सर. पण तमाशा करणाऱ्या पोराला निदान जिना कुठे आहे हे तरी माहीत असेल. मित्र म्हणतील, चार वर्षांसाठी राहतोय, कशाला डोक्याला ताप? पण बाबांनो, माची-बिकेशीतली माणसंही एकामागून एक गेलीच ना? गट राहिला, कारण जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हातात निशाण दिलं. आपण आज फायनल इयरवाल्यांकडून फर्स्ट इयरला देतो फक्त जुने जर्नल्स आणि बादल्या!

आणि जपानचंही सगळं आलबेल आहे असं समजू नका. १९५० च्या दशकात शोबोदानमध्ये वीस लाखांच्या आसपास माणसं होती. २०२२ मध्ये तो आकडा आठ लाखांच्याही खाली आला. तरुण मुलं शहरात जातात, कुणाला वेळ नाही. म्हणजे तीनशे वर्षं जपलेली गोष्टही कुणी हात दिला नाही तर सुटते. आपल्याकडे तर ती अजून सुरूच व्हायची आहे.

माझ्या विंगपुरती सुरुवात या टर्मला करायचं ठरवलं आहे. विंगच्या नोटीस बोर्डवर कागद लावतो, खोली नंबर आणि नाव लिहा. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी माझ्या खोलीवर भांडायला जरूर यावं, चहा मी पाजीन. फक्त येताना एक करा, जिन्यातल्या सिलिंडरवरचा टॉवेल तेवढा काढून आणा.